बाटलीतले सोन्याचे पाणी

गेल्या वर्षी पितृपक्ष संपत आला होता. खामगावातल्या माझ्या दवाखान्यात ७६ वर्षांच्या एक आजी पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा येऊन बसल्या होत्या. चाळीस वर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केल्याने त्यांची फुप्फुसे अधू झालेली. विडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या आपल्याकडच्या कितीतरी स्त्रियांना हाच, दम्यासारखा दिसणारा पण दम्याहून चिवट असा श्वासनलिकांचा विकार असतो. आजींचा विकार मात्र पाच-सहा वर्षे इनहेलरवर आटोक्यात होता. आता एकाएकी काय बिघडले ते कळेना. ‘दिवसा बरं असते डॉक्टर, रातच्यालाच जीव कोंडते,’ एवढेच त्या सांगत. मी बदलत्या हवेला दोष दिला, इनहेलरची मात्रा वाढवली, मग स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी त्यांची साखर वाढली. दम होता तिथेच राहिला.

घटस्थापनेच्या आदल्या रात्री त्यांच्या घरून बोलावणे आले. आजींची खाट मागच्या पडवीकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी होती, आणि खोलीत पाऊल टाकताच माझ्याच घशात काहीतरी रुतले. पडवीत प्लास्टिकची दोन घमेली, बॅटरीचा चार्जर, लाल-काळ्या वायरी आणि एका घमेल्यात हिरवट द्रवात बुडवून ठेवलेली मोटारीची पुढची जाळी. नातवाने जुनी गाडी विकत घेतली होती. दसऱ्याच्या पूजेआधी तिची चमकती जाळी, बोधचिन्ह आणि दारांच्या मुठी सोनेरी करायच्या, असा त्याचा बेत. दिवसा नोकरी, म्हणून हे काम रात्री जेवणानंतर चाले. जुना क्रोमचा थर उतरवण्यासाठी तो जे वापरत होता ते हायड्रोक्लोरिक आम्ल होते, म्हणजे आपण न्हाणी घासायला आणतो तेच ॲसिड, पण पाणी न घातलेले. त्याची वाफ खिडकीतून सरळ आजींच्या उशाशी येत होती. रातच्यालाच जीव का कोंडतो, याचे उत्तर पंधरा दिवस त्या खिडकीपलीकडे होते आणि मी ते औषधांच्या पाकिटात शोधत होतो.

एवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहिला नसता. निघताना माझी नजर कोनाड्याकडे गेली. आजींच्या तांब्याशेजारी एक लिटरची पाण्याची बाटली होती, लेबल काढलेली, आत पाण्यासारखाच दिसणारा द्रव. ‘त्याला हात नका लावू डॉक्टर,’ नातू म्हणाला, ‘ते सोन्याचं पाणी आहे.’ महाग वस्तू, म्हणून पडवीत न ठेवता त्याने ती घरात, सुरक्षित जागी ठेवली होती. ज्या डबीतली पूड त्यात विरघळवली होती ती मी मागून घेतली. डबीवर बारीक अक्षरांत लिहिले होते : पोटॅशियम गोल्ड सायनाइड.

वाचकहो, ‘सोन्याचे पाणी दिलेला दागिना’ हे शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यात पाणी कुठले, असा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही, कारण ते पाणी सराफ्यातल्या कुठल्याशा आतल्या खोलीत असे आणि आपल्यापर्यंत येई तो फक्त दागिना. खामगाव तर रजतनगरी म्हणवणारे गाव. चांदीच्या शुद्धतेसाठी इथला बाजार दूरवर ठाऊक आहे, आणि चांदी-सोन्याला झळाळी देणारे कारागीर इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्यापैकी एकाला मी दुसऱ्या दिवशी गाठले. तीस वर्षे हे काम करणारा माणूस. त्याने मला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, तेजाब आणि सोन्याचे पाणी तो कधी एका खोलीत ठेवत नाही. दुसरी, काम संपल्यावर हात आणि नखे घासून धुतल्याशिवाय तो पाण्याच्या माठाकडे जात नाही, आणि त्याच्या मुलांना त्या खोलीत यायला बंदी आहे. या शिस्तीमागचे रसायनशास्त्र त्याने शाळेत शिकलेले नाही; पण ते मी शिकलेल्यापेक्षा पक्के आहे.

मुलामा देण्याची कला जुनी, आणि तिच्याबरोबर येणारे विषही जुने. पूर्वी सोने पाऱ्यात कालवून त्याचा लेप तांब्या-पितळेवर देत आणि वस्तू तापवत. पारा उडून जाई, सोने चिकटून राही. उडालेला पारा कारागिराच्या छातीत जाई, हात कापू लागत, दात हलत, बुद्धी भ्रमे. विजेच्या साहाय्याने सोने चढवण्याचा प्रयोग इटलीतल्या ब्रुन्यातेल्ली या रसायनशास्त्रज्ञाने १८०५ साली केला, परंतु थर नीट बसावा असा द्रव सापडायला आणखी पस्तीस वर्षे लागली. तो शोधला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या जॉन राइट याने, आणि हा राइट पेशाने शल्यचिकित्सक, म्हणजे आमच्याच धंद्यातला माणूस. पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणात सोने-चांदी उत्तम विरघळते हे त्याने ओळखले आणि तिथल्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये त्याचे पेटंट घेतले. पारा मागे पडला, सायनाइड आले. आजही दागिन्यांवर चढणाऱ्या सोन्याच्या मुलाम्यात हेच द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरले जाते.

सायनाइड शरीरात काय करते, हे थोडक्यात सांगतो. आपण श्वासातून घेतलेला प्राणवायू रक्त पेशींपर्यंत पोचवते, आणि पेशींतले एक विकर तो वापरून ऊर्जा तयार करते. सायनाइड त्या विकरालाच कुलूप लावते. दारात धान्याची पोती येऊन पडावीत आणि घरात चूल पेटवता येऊ नये, तसे होते. प्राणवायू आहे, पण उपासमार चालू. मेंदू आणि हृदय यांना ही उपासमार मिनिटे सोसत नाही. डोकेदुखी, गरगरणे, छाती दडपणे, भराभर श्वास, उलटी, मग झटके आणि बेशुद्धी, हा सारा क्रम काही मिनिटांत पुरा होऊ शकतो.

इथे घरी काळजी घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कोविडच्या काळात घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आणि अजून ते कपाटात आहेत. सायनाइडच्या विषबाधेत त्यावर ९८ दिसू शकते, कारण रक्तातला प्राणवायू कमी झालेलाच नसतो, तो वापरता येत नसतो. आकडा चांगला आहे म्हणून अत्यवस्थ माणसाला घरी ठेवून घेऊ नये.

बाटली तोंडाला लावली तरच धोका, असे नाही, आणि मला अधिक भीती वाटते ती मोरीची. सायनाइडचे द्रावण आम्लाला भेटले की हायड्रोजन सायनाइड हा वायू सुटतो. नातवाने घमेले धुऊन पाणी मोरीत ओतावे आणि अर्ध्या तासाने सुनेने त्याच मोरीत ॲसिड टाकून दार लोटून घ्यावे, एवढे निमित्त पुरेसे आहे. दोघांनीही रोजच्यासारखे काम केलेले असते. या वायूला कडू बदामासारखा वास असतो असे पुस्तकांत लिहिलेले असते. परंतु बऱ्याच लोकांना तो वास जन्मतःच येत नाही, आणि वयपरत्वे घ्राणशक्ती मंदावलेल्या माणसाने त्यावर विसंबणे व्यर्थ. कारागीर दोन गोष्टी दोन खोल्यांत का ठेवतो ते आता आपल्या ध्यानात आले असेल.

घरी हे काम करणारा तरुण बहुधा हातमोजे घालतो, चश्मा लावतो, काम झाले की बाहेर निघून जातो. त्या घरात चोवीस तास राहतात ती वडीलधारी माणसे. धोक्याचा हिशेब त्यांच्या बाजूने मांडून पाहा. मोतीबिंदूमुळे रंगातला फरक कळत नाही. रात्री तहान लागते तेव्हा दिवा न लावता हात चाचपडत बाटलीकडे जातो. विस्मरणाचा आजार असेल तर ‘त्याला हात लावू नका’ ही सूचना सकाळपर्यंत टिकत नाही. आणि आपल्या जिल्ह्यात पाण्याची रीतच अशी की नळ रोज येत नाही. म्हणून प्रत्येक घरात माठ, पिंप, कॅन आणि रिकाम्या झालेल्या शीतपेयांच्या बाटल्याही पाण्याने भरून ठेवलेल्या. जिथे प्रत्येक बाटलीत पिण्याचे पाणीच असते, तिथे एखाद्या बाटलीत ते नसेल ही शंका कोणाला का यावी? मी स्वतः त्या रात्री तहानलेला असतो तर कोनाड्यातली बाटली उचलली असती.

मधुमेही वाचकांसाठी एक वेगळे सांगणे आहे. पुष्कळ वर्षांच्या मधुमेहाने तळपायांची संवेदना जाते. क्रोम उतरवायला काही जण आम्लाऐवजी कॉस्टिक सोडा वापरतात. त्याचा थेंब चांगल्या त्वचेवरही आम्लासारखा लगेच झोंबत नाही, नुसता बुळबुळीत लागतो आणि हळूहळू खोल जातो. संवेदना गेलेल्या पायाला तर तो कळणारच नाही. पडवीत अनवाणी फिरलेल्या माणसाची जखम दुसऱ्या दिवशी मोजा काढताना दिसते, आणि अशी जखम भरायला महिने लागतात, कधी बोट गमवावे लागते. कॉस्टिकमध्ये वीज सोडून क्रोम उतरवले की षट्संयुजी क्रोमियम तयार होते. श्वासावाटे गेलेले हे क्रोमियम आणि सोन्याखाली द्यायच्या थरातले निकेलचे क्षार, ही दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलेली आहेत. निकेलने अंगावर उठणारी खाजरी पुरळ तर माझ्या दवाखान्यात, बेन्टेक्सच्या दागिन्यांमुळे, रोज एखादी तरी दिसते.

‘आमच्या किटमध्ये सायनाइड नाही,’ असे आता पुष्कळ विक्रेते लिहितात. ते खरेही असते. त्यांत सोन्याचे सल्फाइट असते. पण त्याचा आम्लाशी संबंध आला की सल्फर डायऑक्साइड सुटतो, आणि दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळायला तो थोडाही पुरतो. शिवाय आधीची आम्ले आणि निकेल चुकत नाहीतच. कोणी तर पैसे वाचवण्यासाठी सोन्याचा तुकडा नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, आम्लराजात, घरीच विरघळवतात. त्यातून निघणारा तांबूस धूर फार फसवा. छातीत गेल्यावर थोडा खोकला येतो, मग माणसाला बरे वाटते, तो जेवतो, झोपतो. आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरून दम लागतो. तांबूस धूर हुंगलेल्या माणसाला बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा आणि निदान एक रात्र नजरेखाली ठेवा.

अपघात झालाच तर काय करावे? प्रथम हे पाहा की आपण स्वतः त्या वायूत शिरत नाही ना. बंद न्हाणीघरात कोणी कोसळले असेल तर शक्य झाल्यास दारे-खिडक्या बाहेरूनच उघडा आणि मदत बोलवा. धावत आत जाणारा दुसरा माणूसही पडल्याची उदाहरणे विषारी वायूंच्या दुर्घटनांत वारंवार घडतात. उघड्या हवेत आणल्यावर द्रव सांडलेले कपडे काढा, अंग भरपूर पाण्याने धुवा. तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका. श्वास थांबला असेल आणि छाती दाबण्याचे तंत्र येत असेल तर ते सुरू करा. पोटात गेले असेल तर उलटी करवू नका. आपल्याकडे विषावर उतारा म्हणून लिंबूपाणी, ताक किंवा चिंचेचे पाणी पाजण्याची फार जुनी सवय आहे. ती इथे सर्वस्वी टाळा. ही सगळी आंबट द्रव्ये आहेत आणि आंबटाशी सायनाइडचे काय होते ते वर सांगितले आहे. आम्ल किंवा कॉस्टिक डोळ्यांत उडाले तर वाहत्या पाण्याखाली निदान १५ ते २० मिनिटे डोळा धरा, दूध-तूप-मध काही घालू नका, आणि मग दवाखाना गाठा.

१०८ वर फोन करताना पहिला शब्द ‘सायनाइड’ हा उच्चारा. डबी किंवा तिच्यावरच्या नावाचे छायाचित्र बरोबर घ्या. सोडियम थायोसल्फेट, सोडियम नायट्राइट, हायड्रॉक्सोकोबालमिन असे सायनाइडवरचे उतारे आहेत, पण ते प्रत्येक रुग्णालयात हाताशी असतातच असे नाही. आधी कळले तर डॉक्टरांना शोधाशोध करता येते किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला कळवता येते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ असा आहे आणि तो रात्रीही चालतो. हे क्रमांक ठळक अक्षरांत लिहून फ्रिजच्या दारावर लावा.

घरात असे द्रावण आधीच असेल तर ते मोरीत, शोषखड्ड्यात किंवा अंगणात ओतून मोकळे होऊ नका. आपल्याकडे कितीतरी घरांत शोषखड्डा आणि बोअर एकाच आवारात असतात. झाकण घट्ट लावून, नाव लिहून, आम्लापासून दूर कुलपात ठेवा आणि प्लेटिंगचे काम करणाऱ्या परवानाधारक कारखान्याला घेऊन जायला सांगा. तसे कोणी न मिळाल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अमरावतीच्या प्रादेशिक कार्यालयात विचारा. आजींच्या कोनाड्यातली बाटली त्या सराफ्यातल्या कारागिरानेच नेली. त्यात सोने होते, त्यामुळे त्याला आनंदच झाला. नातवाला त्याने त्याचे पैसेही दिले, थोडे घासाघीस करून.

आता त्या सोन्याविषयी. सप्टेंबर २०११ मध्ये मुंबईत रतन टाटांच्या हस्ते एक नॅनो मोटार लोकांपुढे आली होती, ती काही वाचकांना आठवत असेल. टायटनच्या गोल्डप्लसने ती ८० किलो २२ कॅरट सोन्याने आणि १५ किलो चांदीने मढवली होती. ती दागिन्यांच्या कारागिरीचे प्रदर्शन होती, रस्त्यावर धावण्यासाठी नव्हती. घरच्या मुलाम्याचा हिशेब फार वेगळा आहे. १०० चौरस सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण हाताच्या तळव्याएवढ्या भागावर मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाचा थर चढवला, आणि घरगुती किटमध्ये थर साधारण असाच पातळ बसतो, तर त्यात सोने लागते सुमारे दोन शतांश ग्रॅम. मंगळसूत्राच्या एका बारीक मण्याइतकेही नाही. आपल्या रस्त्यांवरची धूळ, काळ्या मातीचा चिखल आणि रोजचा ओला फडका यांपुढे तो थर किती महिने टिकेल याचा अंदाज आपणच करा. त्यातून हल्लीच्या गाड्यांची ‘क्रोम’ची जाळी पुष्कळदा धातूची नसतेच, ती प्लास्टिकवर पातळ मुलामा दिलेली असते आणि वरचा मुलामा उतरवण्याच्या नादात खालचे प्लास्टिक खडबडीत होऊन बसते. त्या नातवाच्या जाळीचे तेच झाले होते.

मी तरुणांच्या हौसेविरुद्ध नाही. आपल्या वाचकांतही निवृत्त आयटीआय शिक्षक, जुनी राजदूत किंवा लॅम्ब्रेटा प्रेमाने सांभाळणारे गृहस्थ असतील, ज्यांच्या हातांना काम लागते आणि ज्यांची प्रकृती त्या कामानेच बरी राहते. त्यांना माझे म्हणणे इतकेच, की घासणे, पॉलिश करणे, जुळवणे घरी करावे आणि मुलामा देण्यासाठी तो भाग बाहेर द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आम्लाच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, दुकानदाराने ग्राहकाचे ओळखपत्र पाहावे, नोंदवही ठेवावी असे सांगितले. सायनाइड तर विषांच्या कायद्याखालीच येते. तरी या वस्तू कुरिअरने घरपोच येतात. तेव्हा घरातल्या ज्येष्ठांनी आलेले खोके उघडताना एकदा जवळ जाऊन बसावे आणि नातवाला लेबल मोठ्याने वाचायला लावावे. तेवढा अधिकार वयाने आपल्याला दिलेला आहे.

आणि माझ्यापुरते सांगायचे तर, जुन्या दमेकऱ्याचा दम अकारण वाढला की ‘घरात सध्या काय काम चालू आहे?’ असे मी आता औषध लिहिण्याआधी विचारतो. गेल्या वर्षभरात या प्रश्नाला रंगकाम, सुताराचे पॉलिश, साठवलेल्या धान्यातल्या गोळ्या अशी उत्तरे मिळाली.

आजींची खाट पुढच्या खोलीत हलवली, पडवीतले काम बंद झाले, आणि आठवड्याच्या आत त्या पूर्वीच्या इनहेलरवर परत आल्या. साखर उतरायला मात्र महिना लागला. तो माझ्या गोळ्यांचा प्रताप. नातवाने अकोल्याहून सोनेरी विनाइलची चिकटपट्टी आणून दुपारच्या उजेडात जाळीवर आणि मुठींवर चिकटवली, खडबडीत झालेली जाळी त्याखाली झाकली गेली. दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पाने द्यायला आजी स्वतः चालत दवाखान्यात आल्या. गाडी दारात उभी होती. मी म्हटले, ‘आजी, सोनं तर चढलंच नाही गाडीला.’ त्या म्हणाल्या, ‘पिवळी दिसते ना, मंग झालं. ते धुतल्यानं निघत बी नाही.’